कट दौलतमास्तरांचा

शिंप्याच्या दुकानात शिवणारे चार-पाच असतात आणि कापणारा एक. शिवणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की कट कोणाचा. सदरमधल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते अख्ख्या नागपुरात कुणाच्या तोंडी नव्हतं. लोक म्हणायचे, दौलतमास्तरचा कट. लग्नात नवरदेव उभा राहिला की मागच्या रांगेतला एखादा जाणकार त्याच्या पाठीवरची शिवण बघून शेजाऱ्याला सांगायचा, "दौलतमास्तरचा दिसून राहिला." नवरीकडच्यांनाही त्यामुळे जरा बरं वाटत असावं.

मी त्या दुकानात एकोणीसशे अठ्ठावन्न-साठच्या सुमारास आलो आणि म्हातारा होऊनच बाहेर पडलो. मूळचा मी राजापूरकडचा. सातवीनंतर शाळा संपली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि घरात तितका उत्साह कुणाला नव्हता. मावशीचे यजमान नागपूरला रेल्वेत होते, त्यांच्याकडे आलो. त्यांची बदली झाली, मी राहिलो. कसा राहिलो, तर दौलतमास्तरांनी ठेवून घेतलं म्हणून. दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा आणि काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, हातचं दोन वेळचं जेवण. त्यांचं घर दुकानाच्या मागच्याच दाराला लागून होतं. कोकणातल्या माणसाला तिथल्या रस्स्याचा तिखटपणा पहिल्यांदा कसा लागला असेल ते सांगत नाही. काकूंनी माझ्यासाठी वर्षभर वेगळी वाटी काढली, ती बिनतिखटाची. मग एक दिवस न सांगता काढायची बंद केली, आणि मला ते कळलंही नाही.

आता लिहायला बसलो आहे तर जुनीच भीती परत आली आहे. कागदावरचं खोडता येतं हे मला माहीत आहे, पण हाताला माहीत नाही. आमच्या धंद्यात आधी बेततात, मग कापतात. बेतायचं म्हणजे कापडावर खडूनं आखायचं, कुठं काय बसतं ते बघायचं. तोवर सगळं पुसता येतं. कात्री एकदा आत गेली की पुसणं संपलं. मी इतकी वर्षं कापड कापलं, पण कात्री लावताना भीती वाटली नाही असा दिवस आठवत नाही. मास्तर म्हणायचे, "तू भेतं म्हणून कामाचा आहे. न भेणारा कटर म्या ठेवला नसता." मला ते कौतुक वाटायचं आणि धमकीही वाटायची.

या 'कट' शब्दावरून दुकानात एकदा मोठा वाद झाला, तो सांगतो. त्यावरून वानखेडे सरांची ओळख होईल.

वानखेडे सर एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. राहायला इंदोऱ्याला. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, वडील मिलमध्ये, आई विड्या वळायची. घरातले पहिले शिकलेले. सायकलवरून यायचे, पँट इस्त्री होईपर्यंत बाकावर बसायचे आणि आमच्या बोलण्यातले शब्द वेचायचे. त्या दुपारी चहावाल्याच्या पोऱ्यानं विचारलं, "कट का फुल?" तेवढ्यात वायरमन येऊन सांगून गेला, की तासभर लाइन कट राहील. कारागिरांपैकी एकजण म्हणाला, की येताना एका स्कूटरवाल्यानं त्याला असा कट मारला की नालीतच जाणार होता. पलीकडच्या दुकानाची पाटी होती 'कटपीस सेंटर'. सर हसायला लागले.

"मास्तर, इंग्रज एवढा एक शब्द ठेवून गेले तरी तुमचं सगळं भागतंय."

मास्तरांना ते लागलं. "इंग्रजाचा काहून? शब्द आपला आहे. संक्रांतीले पोट्टे गच्चीवरून वरडते ना, ओ काट. ते इंग्रजानं आयकलं. त्याची जीभ लुळी, म्हणून त्याचं कट झालं."

"पाहून सांगतो," सर म्हणाले.

पुढच्या खेपेला खरंच पाहून आले. सायकल लावता लावताच म्हणाले, "मास्तर, तुमचा दावा फेटाळला."

"कोनं फेटाळला?"

"डिक्शनरीनं. आपलं काटणं संस्कृतातून आलेलं. तुमची कात्रीही त्याच घरची. त्यांच्या कटचं आपल्याशी नातं नाही, नुसतं तोंडावळ्यात साम्य."

"मग त्यायचा कुठून आला?"

"तीच गंमत आहे. कुणालाच नक्की माहीत नाही. जुन्यातल्या जुन्या इंग्रजीत तो शब्दच नाही. तेव्हा मेंढीची लोकर कापायला एक शब्द होता, लाकूड-मांस कोरायला दुसरा. हा सात-आठशे वर्षांपूर्वी अचानक दिसायला लागतो. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून आला असेल म्हणतात, त्यांच्यात बारक्या चाकूला तसंच काहीसं नाव होतं. पण पुरावा नाही. मागून आला आणि हळूहळू सगळ्यांची कामं करायला लागला."

मास्तरांनी खडू ठेवला आणि माझ्याकडे मान वळवली. "म्हणजे आमच्या वसंतावानी. गावाचा पत्ता नाही, मागून आला, अन सगळ्यायचं काम करून राहिला."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मला सगळ्यांची कामं करायची नव्हती. मला माझ्या जागी राहू दिलं असतं तरी पुरे होतं.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मास्तरांनी पुढं कित्येक वर्षं वापरली. टेलर हा शब्द ज्या मुळापासून आला त्याचा अर्थ कापणं. आणि दर्जी हा फारसीतला, तो शिवणीवरून आला. शर्टसुद्धा मूळचा कापून आखूड केलेलं वस्त्र. मास्तरांनी तिथल्या तिथं कारागिरांकडे बघून निकाल दिला, "आयकलं का बे? तुम्ही दर्जी. टेलर मी एकटा."

हा थाट चालला होता तेव्हाच त्यांचे डोळे जायला लागले होते.

मला ते कधी कळलं हे सांगता येत नाही. आधी त्यांच्या खडूच्या रेघा जाड झाल्या. मग आखून झाल्यावर ते अंगठ्यानं रेघ चाचपायला लागले, जणू रेघेला उंची असते. मग कापायचं टेबल आतून काढून दाराशी लावलं. ते टेबल लकडगंजच्या सागवानाचं, सहा माणसांनी उचलायचं. मी विचारलं, "मास्तर, इथं धूळ येईल."

"धूळ येऊ दे. आत उजेड आहे कुठं? कोराडीले एवढं मोठं वीजघर झालं, रोज ट्रक ट्रक कोळसा जाळून राहिले, अन आपल्या ट्यूबलाइटीले काजव्याएवढा उजेड नाही."

ट्यूब नवीन होती. मीच लावली होती.

तेव्हापासून मी एक काम सुरू केलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी मास्तर मागे घरात जेवायला गेले की त्यांनी कापलेले सगळे तुकडे मी उघडून बघायचो. पुढचे दोन भाग एकमेकांवर ठेवायचे, पाठ जुळवायची, बाह्यांची जोडी लावायची. कुठं सूतभर कमी-जास्त असलं तर कात्रीचं टोक लावून सारखं करायचं, आणि पुन्हा त्यांच्याच पद्धतीनं गुंडाळून ठेवायचं. मास्तर परत यायच्या आत. बहुतेक वेळा काही सापडायचं नाही, कारण त्यांच्या हाताला सवय इतकी होती की डोळ्यांची फारशी गरज नव्हती. पण मोठं काही सापडलं तर काय करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. मास्तरांना सांगावं, तर ज्या माणसाचं अख्खं नाव कटवर, त्याला त्यानंच उभं केलेल्या माणसानं म्हणायचं, की तुमचा कट गेला. न सांगावं, तर एक दिवस एखादा कोट वाकडा बाहेर जाईल, दुकान बसेल, आणि मी कुठं जाईन? गावी भावाच्या घरात माझी जागा केव्हाच दुसऱ्या कशानं तरी भरली होती.

अशात वानखेडे सर एक पुडकं घेऊन आले. दिवस थंडीचे, नागपूरची थंडी तेव्हा चांगली असायची. पुडक्यात गडद राखी रंगाचं उबदार सुटाचं कापड. डांबराच्या गोळ्यांचा वास दुकानभर पसरला.

"मास्तर, यात कोट होईल का? दिल्लीला मुलाखत आहे. तिथं म्हणे स्वेटरवर गेलं तर आत घेत नाहीत."

मास्तरांनी कापड हातावर मोजलं. पुन्हा मोजलं. "कमी आहे सर. कोनं घेतलं?"

"आईनं. मी बी.ए. झालो तेव्हा. मला विचारलं नाही, दुकानदारालाही नाही. माझ्या अंगाकडं बघून अंदाजानं घेतलं, म्हणाली, साहेब झाला की कोट शिव."

"अन शिवला नाही?"

"साहेब कुठं झालो." सर पुडक्याच्या कागदाची घडी घालायला लागले. "आता ती नाही. म्हणून म्हटलं, होत असेल तर यातच."

"पन तुमचं अंग तवा..."

"तेव्हा मी काडी होतो मास्तर. आता प्राध्यापक झालो."

मास्तर हसले, पण त्यांचा हात कापडावरून फिरतच होता. "दुसरं घ्या अन हे राहू द्या," असं दुसरा कुणीही म्हणाला असता. मास्तर म्हणाले, "होते. करतो."

इथं थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. कापड भरपूर असलं की ते दुमडून दुहेरी करतात आणि एकदाच कापतात. मग जे निघतं ते आपोआप डावं-उजवं निघतं. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पण कापड कमी पडलं की ही चैन करता येत नाही. मग ते उघडून एकेरी पसरायचं आणि एकेक तुकडा जागा सापडेल तिथं बसवायचा, रेल्वेच्या भरल्या डब्यात मुलांना बसवतात तसा. अशा वेळी एक बाही कापली की ती पालथी करायची आणि तिच्यावरून दुसरी कापायची. पालथी केली नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. शिंप्यांच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतात, आणि म्हाताऱ्या शिंप्यांना मरेपर्यंत हेच स्वप्नात दिसतं.

त्या दिवशी मास्तरांनी सकाळभर तो कोट बेतला. मला टोक धरायलाही बोलावलं नाही. कारागिरांना गप्पा बंद करायला सांगितलं. मी काजं करत होतो, म्हणजे बटनांची घरं, आणि टाका घालताना माझी नजर टेबलाकडे. मास्तरांनी पाठ कापली. पुढचे भाग कापले. उरलेलं कापड इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, पालथं घातलं. बाहीच्या वरच्या भागाला लांबी लागते, ती त्यांना कुठं सापडत नव्हती. शेवटी सापडली. कात्रीचा आवाज आला, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला तोही मला ऐकू आला.

"बाह्यांचे खालचे भाग जेवून आल्यावर," म्हणाले आणि आत गेले.

मी तुकडे उघडले. पाठ ठीक. पुढचे भाग असे, की आरशात बघावं. मग बाह्या. एकीवर दुसरी ठेवली, जमेना. फिरवून ठेवली, जमेना. कापडाची चमकती बाजू वर करून दोन्ही शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं. दोन्ही डाव्या.

मास्तर पालथी करायला विसरले नव्हते. त्यांनी बाही पालथी केली होती. पण जागा शोधताना खालचं कापडही उलटं झालं होतं, आणि त्या कापडाची सुलट-उलट बाजू फक्त चमकेवरून ओळखू येत होती. ती चमक त्यांना दिसली नव्हती. म्हणजे हा विसर नव्हता. विसर असता तर मी इतका घाबरलो नसतो.

मागचं दार वाजलं. काकू माझं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी टेबलावर बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"काय झालं रे?"

मी सांगितलं. बाह्या म्हणजे काय, डावी-उजवी कशी ओळखायची, हे त्यांना समजावायची गरज पडली नाही. त्या शिंप्याच्याच घरी जन्मल्या होत्या.

ताट त्यांनी हळूच मशीनवर ठेवलं. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यायले. मी म्हन्तलं, दवाखान्यात चला. तर म्हन्ते, डोळ्यावर पट्टी बांधून दुकानात कसा बसू, लोकं काय म्हन्तीन."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बाप्पा, जो मानूस भाजीतली मिरची हातानं चाचपून काढून राहिला, त्याच्या बायकोले माहीत नसन?" मग खालच्या आवाजात, "तुले जमन का नीट कराले?"

"कापड नाही काकू."

"जमव. अन त्यायले सांगू नोको. ते मोडतीन."

त्या गेल्या, आणि मी तिथं त्या दोन डाव्या बाह्यांसमोर उभा राहिलो. न सांगता दुसऱ्याच्या कामात हात घालायचा, तोही ज्यानं आपल्याला हात दिला त्याच्या. मागून येऊन सगळ्यांची कामं करणारा. पण सरांच्या आईनं पुन्हा कापड आणून दिलं नसतं.

जे केलं ते थोडक्यात असं. कोटाच्या बाहीला दोन भाग असतात. वरचा रुंद, दिसणारा. खालचा अरुंद, हात खाली सोडला की बगलेत लपणारा. मास्तरांनी कडेला माया ठेवली होती, म्हणजे शिवणीत दडणारं जास्तीचं कापड, आणि ती नेहमीप्रमाणे जरा सढळ होती. एका डाव्या बाहीवर मी उजव्या बाहीचा आकार आखला. दोन ठिकाणी बोटभर कमी पडत होतं. तेवढं कमीच ठेवलं आणि ठरवलं, की त्या बाजूचा खालचा भाग तितका रुंद धरायचा, म्हणजे शिवण आतल्या अंगाला सरकेल. पण खालच्या भागालाही सलग कापड उरलं नव्हतं. मग कापून उरलेले दोन तुकडे जोडून तो तयार केला. कापडाची तिरकी वीण एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ जाईल असा जोड दिला, उलट्या बाजूनं पाणी मारून इस्त्री केली. कात्री लावताना डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. ताटातली भाजी गार होऊन तिच्यावर तेल गोठलं.

मास्तर आले तेव्हा सगळे भाग गुंडाळून ठेवले होते. म्हटलं, "खालचे भाग मीच कापले. उरलेलं कापड बारीक होतं, म्हटलं तुम्हाला त्रास."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कुठं उभा आहे याचा अंदाज घेत होते की काय, कोण जाणे. "बरं केलं," म्हणाले.

कच्चा टाका घातलेला कोट घालून बघायला सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. गाडी त्याच्या पुढच्या दिवशीची होती. पांढऱ्या धाग्यांचे टाके दिसत असलेला तो कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले. मग कॉलरला हात लावून म्हणाले, "बसला की हो."

मागच्या दाराचा पडदा हलला. काकू तिथं होत्या.

मास्तर नेहमीसारखे गिऱ्हाइकाभोवती फिरले. खांदे दाबून बघितले, पाठीवरून तळहात फिरवला. "हात वर करा सर." डावी बाही बघितली. उजवी बघितली. आणि त्यांचा अंगठा बाहीच्या खालच्या अंगाला थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा तिथंच येऊन थांबला. जो जोड मला उजेडात शोधावा लागत होता, तो त्यांना अंगठ्यानं लगेच सापडला.

"वसंता."

मी पुढं गेलो.

"हे काय आहे?"

"जोड आहे मास्तर."

"कोनं देला?"

"मी."

"काहून?"

"कापड कमी होतं." हे खोटं नव्हतं. मी तेवढंच धरून उभा होतो.

त्यांनी सरांचे दोन्ही हात खाली सोडायला लावले आणि दोन्ही बाह्यांच्या शिवणी एकदम, दोन हातांनी, खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपत आणल्या. दोन्हीकडे शिवण सारख्या जागी असायला हवी. उजवीकडे ती सरकलेली होती. चांगला कारागीर शिवण विनाकारण सरकवत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांचे हात सरांच्या मनगटांशी तसेच राहिले. मशीनं थांबली होती. बाकावर इस्त्रीसाठी थांबलेलं एक गिऱ्हाइक मान उंच करून बघायला लागलं.

"सर," मास्तर म्हणाले, "माह्या हातून तुमच्या कपड्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या. उजवी या पोट्ट्यानं केली. डाव्याचीच केली. मले न सांगता."

सरांनी हात उचलून बाही बघितली, वरून, खालून. "मास्तर, मला तर काही दिसत नाही."

"मलेही दिसत नाही सर. तेच सांगून राहिलो."

ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की सर हसायला निघाले होते ते थांबले. पडद्यामागून बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. मला वाटलं, संपलं. आता हे वाक्य बाकावरच्या त्या गिऱ्हाइकासोबत सीताबर्डीपर्यंत जाईल, आणि महिन्याभरात या टेबलावर कुणी कापड ठेवणार नाही.

सर पुन्हा आरशाकडे वळले. उजवा हात पुढं करून, मागं घेऊन बघितला. कोणाशी तरी हात मिळवतात तसा.

"दिल्लीत कुणी विचारलं, की कट कोणाचा, तर काय सांगू?"

"कोटाचं अंग माहं," मास्तर म्हणाले. "उजवी बाही याची. खरं ते सांगा."

"मग उद्या सकाळी बटनं लावून ठेवा," सर म्हणाले, आणि कोट काढताना एकेक टाका सांभाळत काढला.

वाचणाऱ्याला चुटपुट राहू नये म्हणून सांगतो, ती नोकरी सरांना मिळाली नाही. परत आल्यावर ते मुद्दाम दुकानात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की बाहीमुळे नव्हे. तो कोट त्यांनी पुढं प्रत्येक थंडीत वापरला. मास्तरांचं ऑपरेशन पुढच्या उन्हाळ्याआधी काकूंनी करवून घेतलं. जाड भिंगांचा चष्मा आला, पण त्यातून त्यांना सरळ रेघ वाकडी दिसायची. दुकान बसलं नाही. थोडी गिऱ्हाइकं गेली, ती का गेली हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला वाटतं, मी आधीच काकूंशी बोललो असतो तर ते डोळे थोडे लवकर सुधारले असते. ही रुखरुख आहे, ती आहे.

पण सांगायची राहिली ती त्या संध्याकाळनंतरची सकाळ. मी माळ्यावरून उतरलो तेव्हा मास्तर दाराशी, टेबलाजवळ होते. रात्री माझ्या डोक्यात गावी जायच्या गाडीचं वेळापत्रक फिरत होतं. न विचारता हात घातल्याबद्दल ते मला काय म्हणतील, याची वाक्यं मीच त्यांच्या आवाजात बोलून बघितली होती. त्यांनी कोटाचा विषयच काढला नाही. टेबलावर एका नवरदेवाचं सुटाचं कापड पसरलेलं होतं, आदल्या आठवड्यात आलेलं. आखलेलं नव्हतं.

"खडू घे," म्हणाले.

मी घेतला. ते टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, जिथं मी इतकी वर्षं उभा राहायचो, आणि दोन्ही तळहात पसरून त्यांनी कापडाचं टोक धरलं. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. कारागीर बघत होते.

मी आखलं. त्यांनी काही सुचवलं नाही. मग कात्री माझ्याकडे सरकवली.

"मास्तर, हात थरथरून राहिला," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोललो असेन.

"माहाही थरथरे. रोज." कापड त्यांनी आणखी ताठ केलं. "काप. मी धरून आहो."